संदर्भसूचीतले यजमान

नियतकालिकाकडं पाठवलेला माझा शोधनिबंध पहिल्यांदा परत आला तेव्हा मला फारसं वाईट वाटलं नाही. मजकुराबद्दल तक्रारीचा एक शब्दही नव्हता. उलट एका परीक्षकानं विषय नवा असल्याचं लिहिलं होतं. परत येण्याचं कारण एकच होतं : संदर्भ त्यांच्या पद्धतीनुसार नाहीत. सोबत त्या पद्धतीची पुस्तिका जोडली होती. ती माझ्या निबंधापेक्षा लांब होती.

मी धाराशिवच्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. पीएच.डी.ला नाव घातलं ते उशिरा, मुलं शिकून बाहेर पडल्यावर. विषय घेतला आठवडी बाजारात बसणाऱ्या बायकांचा. येडशी, ढोकी, माकणी, जिथं एसटी जाते तिथले बाजार मी हिंडले. मिरच्या, शेंगा, गावरान अंडी, बांगड्या विकणाऱ्या बायकांशेजारी पोत्यावर बसून त्यांचं ऐकलं. त्यातून एक गोष्ट हाती लागली. बाजारातली बाईची बसायची जागा सासूकडून सुनेकडे जाते. त्याचा कागद कुठंच नसतो, पण लिंबाखालची कोपऱ्यातली जागा कुणाची हे साऱ्या बाजाराला माहीत असतं. सासू थकली की एका बाजाराला सुनेला शेजारी घेऊन बसते, आजूबाजूच्या बायकांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवते आणि पुढच्या बाजारापासून सून एकटी बसते. माझा अख्खा प्रबंध या रीतीवर उभा आहे.

विद्यापीठाचा नियम असा की प्रबंध दाखल करण्याआधी एक शोधनिबंध मान्यताप्राप्त नियतकालिकानं स्वीकारलेला हवा. माझ्या नोंदणीला मिळालेली मुदतवाढ शेवटची होती आणि ती मार्चअखेर संपत होती. निबंध अडकला तर नोंदणी रद्द. बाजारातली सगळी वर्षं मग कपाटात.

तरी मी घाबरले नाही, कारण संदर्भसूची म्हणजे शेवटी यादी, आणि यादी करण्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही. घरात किराण्याची यादी माझी, महाविद्यालयात परीक्षेच्या पर्यवेक्षणाची यादी माझी, भावकीत लग्न निघालं की आहेराच्या यादीसाठी फोन मलाच येतो. पुस्तिका घेऊन मी जेवणाच्या टेबलाशी बसले आणि पहिल्याच पानावर चिडले.

आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नावांची पहिली अक्षरं, प्रत्येक अक्षरापुढं टिंब. मग कंसात वर्ष. पुस्तकाचं नाव तिरकं, पण लेखाचं नाव सरळ. नियतकालिकाचं नाव तिरकं, त्याचा खंड तिरका, आणि त्याच खंडाला खेटून असलेला अंक मात्र सरळ. ह्यानं जगात कुणाचं काय भलं होतं, हे त्या पुस्तिकेत कुठंही नाही. चित्रपटाचा संदर्भ कसा द्यावा, मोबाइलवरच्या दोन ओळींच्या चिठ्ठीचा कसा द्यावा, हे सगळं होतं. खेड्यातल्या शाळेनं काढलेल्या स्मरणिकेचा कसा द्यावा, हे नव्हतं. आणि माझा सर्वांत महत्त्वाचा संदर्भ नेमका तोच होता.

ढोकीच्या पुढं एक गाव आहे. तिथल्या शाळेनं तिच्या वर्धापनदिनाला एक स्मरणिका काढली होती. त्या शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी तीत बाजारातल्या जागेच्या रीतीवर दोन पानं लिहिली होती. मला सोडलं तर ह्या रीतीबद्दल छापील असं फक्त त्या बाईंनीच लिहिलेलं मला सापडलं. बाकी सगळं बायकांच्या तोंडी. म्हणून तो संदर्भ गेला तर माझं म्हणणं म्हणजे मी चार ठिकाणी ऐकलेल्या गप्पा.

मी सगळी सूची नव्यानं केली आणि पाठवली. ती परत आली. मी ज्या जुन्या फाँटमध्ये मराठी टंकलं होतं, तो त्यांच्याकडं उघडल्यावर माझे स्वल्पविराम जाऊन तिथं भलतीच चिन्हं उगवली होती. युनिकोडमध्ये पाठवा, असं त्यांनी कळवलं. माझे मार्गदर्शक सर फोनवर हसले.

"मॅडम, तुमचं संशोधन पास आहे हो," ते म्हणाले, "तुमचे स्वल्पविराम नापास होताहेत."

"सर, हसू नका. मार्च आलाय."

"म्हणूनच सांगतो. स्वतः करत बसू नका. डीटीपीवाल्याकडं द्या. सगळे देतात."

बस स्टँडच्या मागं एक डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बियाण्यांच्या पिशव्यांची लेबलं आणि प्रबंध, तिन्ही एकाच टेबलावर होतात. चालवणारे गृहस्थ माझ्याच वयाचे, चष्मा कायम कपाळावर.

"मॅडम, निम्म्या जिल्ह्याच्या पीएच.डी. ह्या खुर्चीवर झाल्यात," ते म्हणाले.

"तुमची झाली का?"

"माझी राहू द्या. मी केली तर बाकीच्यांची कोण करंल?"

मी त्यांना माझी सूची दिली. स्वच्छ अक्षरात, क्रमांक घालून. इंग्रजी पुस्तकं पहिल्या पानावर, मराठी दुसऱ्या. इंग्रजी नावं पुस्तकांवर होती तशी उतरवली होती, नाव आधी आणि आडनाव शेवटी. मराठी नावं मी लिहिली ती माझ्या हाताला सवय आहे तशी. आडनाव, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. हजेरीपटावर मी आयुष्यभर असंच लिहीत आले आहे. शाळेच्या दाखल्यावर असंच, मतदार यादीत असंच. ह्या जिल्ह्यात कुणालाही पूर्ण नाव विचारा, तो आडनावापासून सुरू करतो. शिवाय पुस्तिकेलाही आडनाव आधी हवं होतं. मला वाटलं, निम्मं काम मीच करून दिलंय.

"स्वल्पविराम आणि टिंबं नीट घाला," मी बजावलं. "पुस्तिका सोबत ठेवलीय."

"पुस्तिका कशाला? मला सगळं पाठ हाय."

छापून आलेली सूची मी स्टाफरूममध्ये दोन पर्यवेक्षणांच्या मधल्या वेळेत तपासली. पट्टी ठेवून, लाल पेन घेऊन, ओळ न् ओळ. स्वल्पविराम जागच्या जागी. टिंबं जागच्या जागी. तिरकं ते तिरकं, सरळ ते सरळ. निबंध दोनदा परत आल्यामुळं माझी नजर नावांवर नव्हतीच, नावांच्या मधल्या ठिपक्यांवर होती. एकही चूक सापडली नाही. समाधानानं पाठवून दिलं आणि त्या दिवशी घरी जाऊन शांतपणे भाकरी केली.

तिसरं उत्तर आलं ते छोटं होतं. इंग्रजी संदर्भ ठीक आहेत. मात्र सूचीतले मराठी लेखक कुठल्याही ग्रंथालयाच्या नोंदीत आढळत नाहीत. ही सूची यंत्राकडून लिहून घेतल्याची शंका येते. समाधानकारक खुलासा न आल्यास निबंध कायमचा नाकारण्यात येईल.

मी ते दोनदा वाचलं. माझे लेखक नाहीतच? मग माझ्या कपाटात कुणाची पुस्तकं आहेत? ज्यांच्या व्याख्यानाला मी स्वतः बसले, ज्यांना मी चहा दिला, ते नाहीत? संगणकाला विचारून खोटी पुस्तकं रचणारी माणसं हल्ली आहेत, हे मला माहीत आहे. आमच्याकडच्या एका विद्यार्थ्याला मीच त्यावरून झापलं होतं. त्या ओळीत मला बसवलेलं पाहून कानशिलं तापली.

सूची काढली आणि ह्या वेळी ठिपके सोडून नावं वाचली. मराठी भागातला पहिला लेखक वाचला आणि मला कळेना हा कोण. दुसराही कळेना. तिसऱ्याशी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. हे लेखक नव्हतेच. हे लेखकांचे वडील होते.

तशीच दुकानात गेले.

"हे काय केलंत?"

"काय झालं? पद्धतीपरमाणं केलंय," त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "शेवटचा शब्द पुढं घ्यायचा, त्याच्यापुढं स्वल्पविराम, बाकीच्याची पहिली अक्षरं. आडनाव पुढं आलं पायजे ना?"

"अहो, पण मी आडनाव पुढंच लिहून दिलं होतं!"

"तुम्ही कशाला लिहिलं?"

"पुस्तिकेत तसं सांगितलंय म्हणून!"

"मग मला कशाला दिलं?"

पत्रिका छापायला आलेले एक म्हातारे बाकावर बसून आमच्याकडं आळीपाळीनं बघत होते. शेवटी ते डीटीपीवाल्यांना म्हणाले, "आमच्या नवरदेवाचं नाव तेवढं हलवू नका बाबा."

त्यांचा नियम बरोबर होता, माझाही बरोबर होता, आणि दोन्ही मिळून माझी नोंदणी रद्द होत होती. इंग्रजी नावांना त्यांचा नियम चपखल बसला होता, म्हणून तर पहिलं पान पाहून मला काही खटकलं नाही. मराठी लेखकांच्या बापांना मात्र एका रात्रीत आडनावं बनवण्यात आलं होतं, आणि लेखिकांच्या नवऱ्यांना.

मी संपादकांना सविस्तर खुलासा लिहिला. उत्तर आलं की खुलासा समजला, तरी प्रत्येक मराठी संदर्भाच्या शीर्षकपृष्ठाचं छायाचित्र पाठवा. ज्याचं पाठवता येणार नाही तो संदर्भ वगळा, आणि त्यावर आधारलेलं विधानही वगळा.

पुस्तकांची छायाचित्रं मी एका दुपारीत काढली. राहिली स्मरणिका. ती मी शाळेतच वाचली होती, बाईंच्या लेखाची दोन पानं मोबाइलवर घेतली होती, पण शाळेच्या प्रतीला तेव्हाच पहिलं पान नव्हतं. साल मी मुख्याध्यापकांच्या तोंडून लिहून घेतलं होतं. त्या वेळी तेवढं पुरेसं वाटलं.

रविवार सोडून जायला हवं, शाळा उघडी हवी. रजा टाकली, एसटी धरली. येडशीच्या पुढं बस उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली. कारखाना चालू होता, एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, रस्त्याच्या दोन्ही कडांना ऊस लोंबलेला. चालकानं हॉर्न वाजवून वाजवून शेवटी नाद सोडून दिला. मी खिडकीशी बसून हिशेब करत होते की माझा मार्च असाच उसाच्या मागं जाणार.

शाळेत मुख्याध्यापक नवे होते. त्यांनी स्मरणिका काढून दिली, पण पहिल्या पानाबद्दल विचारल्यावर शिपायाकडं पाहिलं. शिपायानं कार्यालयाच्या भिंतीकडं पाहिलं. तिथं एका चौकटीत प्रमुख पाहुण्यांचं छायाचित्र लावलेलं होतं.

"त्येच हाय ते पान," शिपाई म्हणाला. "फोटो लई चांगला आला होता, म्हणून काढून लावला."

"आणि मागच्या बाजूला काय आहे?"

"मागं समदी नावं, छापखाना, साल, असलं काय बाय."

चौकट काढली. मागच्या पुठ्ठ्याला ते पान डिंकानं चिकटवलेलं होतं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. साल आणि छापखाना पुठ्ठ्याच्या बाजूला. मी नखानं एक कोपरा उचलून पाहिला तर प्रमुख पाहुण्यांचा कान सुटायला लागला. मुख्याध्यापक म्हणाले, "राहू द्या मॅडम. बाईंकडं एक प्रत असंल. गावातच राहतात."

बाई, म्हणजे लेख लिहिणाऱ्या बाई, निवृत्त होऊन बराच काळ झालेला. घर रस्त्यालगत, अंगणात यजमान बाजेवर बसलेले. त्यांना गावात सगळे आबा म्हणतात असं शिपायानं सांगितलं होतं. मी कशासाठी आले ते सांगितल्यावर बाईंनी कपाटातल्या साड्यांखालून स्मरणिका काढली. पिशवीत घातलेली, पहिल्या पानासकट.

"घराबाहेर जाणार न्हाय ती," त्या म्हणाल्या. "काय करायचं ते माझ्यासमोर कर."

"फक्त फोटो काढायचाय, बाई."

उन्हात ओट्यावर ठेवून मी फोटो काढले. तोवर त्यांनी माझ्या हातातली सूची मागून घेतली. मी दुरुस्तीसाठी आणलेली ती जुनीच प्रत होती. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवत खाली आल्या आणि आपल्या लेखाच्या नावापाशी थांबल्या.

"लेख माझा. मग लेखक म्हणून हे कोण?"

मला सांगावं लागलं.

"अहो," त्यांनी अंगणाकडं तोंड करून हाक मारली. "इकडं या. तुम्ही लेखक झालात."

आबा आले. "म्या? कवा?"

"ही बघा, धाराशिवच्या मॅडमनी छापलंय. जन्मात कधी पोस्टकार्ड लिहिलं न्हाय ह्या माणसानं!" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुला त्या लेखातलं माहीत आहे ना? सासूबाईंची बाजारातली जागा मला आली होती. थोरली सून म्हणून. मी नोकरीवाली. एका बाजाराला बसले, गूळ-शेंगदाणे वाटले, अन् जावेला दिली. म्हणून तो लेख लिहिला. जागा माझी, लेख माझा, अन् नाव ह्यांचं?"

"चूक आहे, बाई. दुरुस्त करतेय. त्यासाठीच तर आले."

"नाव नीट टाक माझं."

"टाकते."

आबा सूची उन्हाकडं धरून बघत होते. "पर नाव छान दिसतंय," ते म्हणाले.

"ठेवा ते खाली."

मी सगळी सूची स्वतः टंकली, युनिकोडमध्ये, एका बोटानं. छायाचित्रं जोडली, पाठवली. नंतरचे दिवस मी मोबाइल उशाशी घेऊन काढले आणि घरच्यांना कारण नसताना बोलले. मार्च सरत आला तेव्हा पत्र आलं. निबंध स्वीकारला होता. एकही विधान वगळावं लागलं नव्हतं. सरांना फोन केला. ते म्हणाले, "बघा, स्वल्पविराम पास झाले." ह्या वेळी मीही हसले.

पत्राबरोबर छापायच्या पानांचा नमुना आला होता. त्याची प्रत घेऊन मी बाईंकडं गेले. कबूल केलं होतं, म्हणून. त्यांनी पुन्हा चष्मा लावला, पुन्हा बोट फिरवलं.

तिथं त्यांचं आडनाव होतं. पुढं स्वल्पविराम. पुढं दोन अक्षरं आणि दोन टिंबं. बाईंचं आणि आबांचं नाव एकाच अक्षरानं सुरू होतं, त्यामुळं दोन्ही अक्षरं सारखीच.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"आडनाव, मग तुमच्या नावाचं पहिलं अक्षर, मग आबांच्या. पद्धत तशी आहे."

आबा खांद्यावरून वाकून बघत होते. "ह्यातलं माझं कंचं?"

"दुसरं," मी म्हणाले.

"कशावरनं?"

"गप बसा हो तुम्ही," बाई म्हणाल्या. पण पानावरून त्यांची नजर हलली नाही. "अगं, पण खरंच, ह्याच्यावरून मी बाई आहे हे तरी कळतंय का? ह्यांचा धाकटा भाऊसुद्धा ह्याच अक्षराचा. उद्या तो म्हणंल, मी लिहिलाय."

"सगळ्यांचीच नावं अशी आहेत, बाई. पुस्तिकेत..."

"कुणाच्या पुस्तिकेत?"

मी पानं पिशवीत घातली. घरी येऊन संपादकांना विनंती केली, एवढ्या एका संदर्भात पूर्ण नाव चालेल का. एका ओळीत उत्तर आलं की सर्व संदर्भ एकसमान असणे आवश्यक आहे.

त्यानंतर सरांचा फोन आला. प्रबंध छपाईला द्यायचा होता.

"मॅडम, एक राहिलं," ते म्हणाले. "निबंधातली सूची प्रबंधात जशीच्या तशी टाकू नका. विद्यापीठाची पद्धत वेगळी आहे. आपल्याकडं अक्षरं चालत नाहीत, पूर्ण नाव लागतं."

"म्हणजे सगळी पुन्हा करायची?"

"सगळी. आणि तुमची तर दहा पानं आहेत."

मी फोन ठेवला आणि मनात जे आलं ते लिहिण्यासारखं नाही. एवढी वणवण करून, प्रमुख पाहुण्यांचा कान सोडवून, जी सूची निर्दोष झाली ती आता चुकीची होती. विद्यापीठाचं परिपत्रक काढलं. आडनाव, नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव. हजेरीपटासारखं.

मग ती ओळ पुन्हा वाचली. पेन घेतलं आणि पहिल्यांदा बाईंचा संदर्भ लिहिला. आडनाव, त्यापुढं त्यांचं स्वतःचं नाव, सगळ्या काना-मात्रांसकट, आणि त्यामागं आबा. मग बाकीचे.

दहा पानं एका बोटानं टंकून मुदतीत होणार नव्हती. पुन्हा बस स्टँडच्या मागं गेले. डीटीपीवाल्यांनी मला पाहून चष्मा कपाळावर चढवला.

"आता काय, मॅडम?"

"प्रबंध. आणि सूची मी लिहिलीय तशीच टंकायची. शेवटचा शब्द पुढं घ्यायचा नाही."

"मग कंचा घ्यायचा?"

"कुठलाच नाही. काही म्हणजे काही हलवायचं नाही."

"पण पद्धत..."

मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली, लग्नपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सरकवला आणि बसले. "टंका," म्हणाले. "मी इथंच आहे."